स्वस्त झाला म्हणून कुणी दुप्पट कांदा खात नाही

आमच्याकडे चार माणसांच्या पोह्यांना दोन मध्यम कांदे लागतात. कांदा ८० रुपये किलो झाला की आई दीड कांदा चिरते आणि उरलेला अर्धा वाटीखाली झाकून ठेवते. १० रुपयांवर आला की पुन्हा दोन. तीन कधीच नाही. तीन घातले की पोहे गुळचट लागतात, असं तिचं म्हणणं. भाव आठपट खालीवर होतो आणि वापर हलतो तो अर्ध्या कांद्याने. नाशिकच्या शेतकऱ्याचं नशीब बऱ्याच अंशी त्या वाटीखालच्या अर्ध्या कांद्यावर ठरतं.

अर्थशास्त्रात याला ‘मागणीची लवचिकता’ म्हणतात. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० मध्ये ही कल्पना रीतसर मांडली. भाव १ टक्का वाढला तर मागणी किती टक्के घटते, एवढंच त्यात मोजायचं. हॉटेलातलं जेवण, विमानाचं तिकीट यांची मागणी भावाला चटकन दाद देते. कांदा जवळजवळ देतच नाही. एक तर फोडणीत त्याच्या जागी दुसरं काही चालत नाही (भाव चढले की कांदाभजीत कोबी सापडतो, पण तो गाडीवाल्याचा प्रयोग, आपला नव्हे). शिवाय खर्च थोडा. २०१२ आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचं वजन ०.६४ होतं, म्हणजे सरासरी घराच्या १०० रुपयांतले ६४ पैसे. एवढ्याशा खर्चासाठी माणूस भाजीवाल्याशी हुज्जत घालतो, सरकारला शिव्या देतो आणि कांदा घेऊन घरी येतो.

आता हेच उलट्या बाजूने बघा. बाजारात माल १० टक्के कमी आला, तर कुणाला तरी १० टक्के कमी खावं लागणार. लोक सुखासुखी कमी खात नाहीत. समजा, भाव ४ टक्के वाढल्यावर खप जेमतेम १ टक्का घटतो. मग १० टक्के तूट जिरवायला भावाला ४० टक्के चढावं लागेल. हे गणित नवं नाही. चार्ल्स डॅव्हेनंट या इंग्रज लेखकाने १६९९ मध्ये धान्याच्या भावाचं एक कोष्टक छापलं होतं: पीक एक दशांश घटलं तर भाव तीन दशांशांनी वाढतो, दोन दशांश घटलं तर आठ दशांशांनी, तीन दशांश घटलं तर सोळा दशांशांनी. निम्मं पीक गेलं तर मूळ भावात साडेचारपट भर. कोष्टक खरं त्याचं की त्याच्या काळातल्या ग्रेगरी किंगचं, यावर अभ्यासक अजून भांडतात; नाव मात्र ‘किंगचा नियम’ असंच पडलं. तूट वाढते त्याहून भाव जास्त वेगाने वाढतो, हे त्यातलं लक्षात ठेवण्यासारखं.

डॅव्हेनंटचं कोष्टक तुटीचं आहे. नाशिक, नगर, सोलापूरकडचा माणूस ते उलटं वाचतो: माल थोडा जास्त झाला की भाव किती कोसळतो?

फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याचं उत्तर वर्तमानपत्रांत छापून आलं. सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने १० गोण्या, ५१२ किलो कांदा आणला. भाव मिळाला किलोला १ रुपया. ५१२ रुपयांच्या बिलातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात आले २ रुपये ४९ पैसे. पैसे खात्यात भरायचा चेक २ रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. त्या वर्षी, म्हणजे २०२२-२३ मध्ये, देशात सुमारे ३०२ लाख टन कांदा पिकला होता.

शहरात त्या आठवड्यात कांदा फुकट मिळत होता का? मुळीच नाही, आणि यातली मेख नीट समजून घेण्यासारखी आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२४ च्या एका अभ्यासनिबंधानुसार ग्राहक कांद्यावर जो रुपया खर्च करतो त्यातले सुमारे ३६ पैसे शेतकऱ्याला मिळतात. किरकोळ भाव २५ रुपये धरला तर शेतकऱ्याचे ९ आणि मधले १६. या १६ रुपयांत गाडी, गोणी, हमाल, अडत, दुकानाचं भाडं, सड-घट आणि प्रत्येकाचा नफा. यातला बराचसा खर्च किलोवर ठरतो. कांदा स्वस्त झाला म्हणून ट्रकचं डिझेल कमी जळत नाही आणि हमालाच्या पाठीवर गोणी हलकी होत नाही. आता किरकोळ भाव २५ चा २० झाला. ग्राहकाला २० टक्के स्वस्ताई. मधले १६ जिथल्या तिथे राहिले, तर शेतकऱ्याकडे उरले ४. त्याचा भाव निम्म्याहून जास्त पडला. आपल्याला कानाशी जी झुळूक लागते, ती लासलगावच्या कांदाबाजारात पोचेपर्यंत वावटळ झालेली असते.

लासलगावचा लिलाव एकदा बघावा. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या ओळीने उभ्या, कांदा मोकळा भरलेला. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसरीकडे सरकतो. कुणी वरचे दोन-चार कांदे हातात घेतो, दाबतो, पत्ती बघतो. बोली सुरू होते आणि मिनिटाच्या आत संपते. शेतकऱ्याच्या हातात चिठ्ठी पडते. मग ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर. तिथे ट्रॉली रिकामी होताना खालचा माल डागी निघाला की ‘वांधा’ पडतो, म्हणजे ठरलेल्या भावातून कापाकापी. या क्षणी शेतकरी मुकाट असतो, कारण माल खाली झालेला आहे. चार महिने वाढवलेल्या पिकाचा सौदा मिनिटात होतो, आणि तो मोडून माल परत न्यायचा तर डिझेल पुन्हा त्याचंच.

भाव पडला की पुढच्या हंगामात लोक कांदा कमी लावतात, मग भाव चढतो, मग सगळे लावतात. १९२८ मध्ये आर्थर हानाऊ यांना जर्मनीतल्या डुकरांच्या भावात असंच चक्र सापडलं होतं. दोन वर्षांनी टिनबर्गेनसह तीन अर्थतज्ज्ञांनी स्वतंत्रपणे त्याचं गणित मांडलं आणि १९३४ मध्ये निकोलस काल्डोर यांनी त्याला कोळ्याच्या जाळ्याचं नाव दिलं, कारण आलेखावर रेघा तशाच फिरत जातात. सिद्धान्त देखणा आहे. पण त्यात शेतकरी मागच्या वर्षीच्या भावाकडे बघून डोळे मिटून पेरणारा धरलाय, तो मला पटत नाही. निफाड-येवल्याचा माणूस उळे (कांद्याचं बी) काय भावाने चाललंय, विहिरीला पाणी किती, शेजारच्याने किती रोप टाकलंय, हे सगळं बघून ठरवतो. शिवाय आपल्याकडे कांद्याचे हंगाम तीन: पावसाळी लाल, त्याच्या मागून रांगडा आणि एप्रिलच्या सुमारास निघणारा उन्हाळ. एक चुकला तर दुसरा सावरतो. तरी चक्र फिरतंच, कारण शेजारच्या शेतकऱ्यानेही तेच बघितलेलं असतं.

या तिघांत टिकतो तो उन्हाळ. देशाच्या उत्पादनाचा मोठा वाटा त्याचाच. मे महिन्यात चाळीत चढलेला हा कांदा नवा लाल कांदा येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत, देशाला पुरवायचा असतो. चाळ म्हणजे जमिनीपासून उचललेली, दोन्ही बाजूंनी हवा खेळती ठेवणारी, वर कौलं किंवा पत्रे घातलेली लांबट खोली. तिच्यामागचं शास्त्र मजेशीर आहे. कांदा हा झोपलेला कंद. त्याला कोंब फुटायला १० ते २० अंशांचं तापमान सर्वांत मानवतं. शून्याजवळ थंड ठेवा किंवा २५-३० अंशांच्या वर ऊब द्या, तो झोपून राहतो. नाशिकचा उन्हाळा ही ऊब फुकट देतो. पण त्या उबेत पाणी उडून वजन घटतं, आणि पाऊस सुरू झाला की दमट हवेने सड लागते, काळी बुरशी धरते. सप्टेंबरला हवा निवते तसे कोंब येतात. एकूण नासाडी ३० टक्क्यांच्या आसपास सहज जाते.

लासलगावलाच भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प उभा केला. कोबाल्ट-६० मधून निघणाऱ्या गॅमा किरणांचा अगदी हलका डोस दिला की कोंबाच्या पेशी विभागायच्या थांबतात आणि कांदा फुटत नाही. मात्र सड आणि घट या किरणांनी थांबत नाही. त्यासाठी शीतगृह लागतं, आणि त्याचा खर्च कांद्याच्या भावाला पेलत नाही. याच प्रकल्पातून २००७ मध्ये हापूस अमेरिकेला गेला. आंब्याला तो खर्च झेपला.

चाळ भरणाऱ्याचा हिशेब सरळ आहे. मे महिन्यात १०० किलोचा भाव किलोला १२, म्हणजे १,२०० रुपये. ऑक्टोबरला उरले ७० किलो. नुसते तेच १,२०० परत यायला भाव १७ रुपयांच्या वर हवा, आणि यात मजुरी, व्याज, चाळीचा खर्च धरलेलाच नाही. ऑक्टोबरात भाव २५ झाला की वाहिन्यांवर ‘साठेबाजी’ हा शब्द सुरू होतो. मेमध्ये कुणी माल मागे ठेवला नसता तर ऑक्टोबरात भाव किती असता, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही. खरी साठेबाजी बघायची तर १९५५ चं शिकागो बघा. व्हिन्सेंट कोसुगा आणि सॅम सीगल या दोघांनी तिथला बहुतेक कांदा ताब्यात घेतला, मग भाव पडण्यावर वायद्यात (पुढच्या तारखेच्या सौद्यांत) पैज लावून सगळा बाजारात ओतला. मार्च १९५६ मध्ये ५० पौंडांची गोणी १० सेंटवर आली. रिकामी गोणी त्याहून महाग होती. १९५८ मध्ये अमेरिकेने कांद्याच्या वायद्यावर कायद्याने बंदी घातली आणि ती आजही आहे.

आता परदेशी गिऱ्हाईक. २०२२-२३ मध्ये भारताने सुमारे २५ लाख टन कांदा निर्यात केला. ३०२ मधले २५ म्हणजे ८ टक्के. दिल्लीत बसून हा आकडा किरकोळ वाटतो: निर्यात बंद केली तर शेतकऱ्याचं असं काय जातं? पण वरचं चारपटीचं गणित इथे लावा. हे ८ टक्के देशातल्या बाजारात परत ओतले तर ते खपायला भावाला सुमारे एक तृतीयांश खाली यावं लागेल. तेही किरकोळ भावाला. शेतावरच्या भावाचं काय होतं ते मघाशी पाहिलंच.

आणि निर्यात वारंवार बंद होते. सप्टेंबर २०१९ मध्ये बंद झाली, पुन्हा सप्टेंबर २०२० मध्ये. २०१९ च्या ऑक्टोबरात दिल्लीला आलेल्या बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी, आता जेवणात कांदा नको असं आपल्या स्वयंपाक्याला सांगून टाकलंय, अशी हसत हसत तक्रार केली होती. बांगलादेश हे आपल्या सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकांपैकी एक. नोव्हेंबरात त्यांना विमानाने कांदा आणावा लागला. असा चटका बसलेलं गिऱ्हाईक पुढच्या वर्षी दुसरं दुकान शोधतं, स्वतः लावायला लागतं. आपण पुन्हा विकायला जातो तेव्हा आपला भाव त्याला आधीपेक्षा महाग वाटतो.

शहरातल्या गरीब घराला ८० रुपयांचा कांदा झोंबतो, हे खरंच आहे. त्यांच्या खर्चात ६४ पैशांपेक्षा त्याचा वाटा जास्त असतो. सरकारने काहीच करू नये असं माझं म्हणणं नाही, राखीव साठा करणं त्यातल्या त्यात बरं. पण भाव चढला की झाकण आणि पडला की हात वर, असं दरवर्षी झालं तर चाळ भरणारा ते हिशेबात धरायला शिकतो. ऑक्टोबरला २५ मिळतील की बंदी येईल, याची खात्री नसेल तर तो मेमध्येच जास्त माल विकतो. मग मे आणखी पडतो, ऑक्टोबर आणखी चढतो आणि बंदी आणायला नवं कारण मिळतं.

२०२३ चा क्रम बघण्यासारखा आहे. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लागलं, तेव्हा चाळी भरलेल्या होत्या. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलरचं किमान निर्यातमूल्य आलं (त्याहून स्वस्तात बाहेर विकायचं नाही), तेव्हा चाळी रिकाम्या होत होत्या. ८ डिसेंबरला निर्यातबंदी झाली, तेव्हा बाजारात लाल कांदा होता. लाल कांद्यात पाणी जास्त, तो चाळीत टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा महामार्ग अडवला गेला, आणि दोन-तीन दिवसांनी ट्रॉल्या पुन्हा ओळीत लागल्या, कारण कांदा थांबायला तयार नव्हता. बंदी उठली ४ मे २०२४ ला. तोपर्यंत लाल विकून संपला होता, रांगडाही संपला होता आणि उन्हाळ कांदा पात कापून चाळीत चढत होता.