घर बदललं तरी शाळा तीच : अमेरिकेतल्या फॉस्टर मुलांच्या हक्काची पार्श्वभूमी

अमेरिकेत एखाद्या मुलाला आईवडिलांच्या घरातून काढून फॉस्टर कुटुंबात, म्हणजे तात्पुरता सांभाळ करणाऱ्या दुसऱ्या कुटुंबात ठेवलं, तर त्याची शाळा शक्यतो तीच राहावी, असा आज देशभर कायदा आहे. ऐकायला साधी गोष्ट. पण ती केंद्रीय कायद्यात यायला २००८ साल उजाडलं आणि शाळांवर बंधनकारक व्हायला २०१६ चा डिसेंबर. त्याआधीची दीडशे वर्षं मुलाला आहे त्या जागेवरून हलवणं म्हणजेच त्याला वाचवणं, अशी ठाम समजूत होती.

या समजुतीचं सगळ्यात ढळढळीत रूप म्हणजे अनाथांच्या आगगाड्या. न्यूयॉर्कच्या चिल्ड्रन्स एड सोसायटीचे चार्ल्स लोरिंग ब्रेस यांनी १८५४ मध्ये शहरातल्या निराधार मुलांची पहिली तुकडी मिशिगनमधल्या डोवाजिॲक गावी धाडली. १९२९ पर्यंत सुमारे दोन लाख मुलं अशी शेतकरी कुटुंबांत गेली. नाव अनाथांचं, पण त्यातल्या अनेकांचे आईबाप हयात होते. कुटुंबाने मुलाला शाळेत घालावं अशी अपेक्षा असे. पेरणी-कापणीच्या दिवसांत ती पाळायची की नाही, हे ज्या त्या घराच्या मर्जीवर.

दुसरा धागा न्यायालयाचा. १८९९ मध्ये शिकागोत, म्हणजे कुक काउंटीत, पहिलं बालन्यायालय सुरू झालं. ल्युसी फ्लॉवर आणि हल हाउस या समाजसेवा केंद्राच्या ज्युलिया लॅथ्रॉप व इतर कार्यकर्त्या स्त्रियांनी त्यासाठी जंग जंग पछाडलं होतं. इलिनॉयच्या या कायद्याने चोरी करताना सापडलेलं मूल आणि घरी आबाळ होणारं मूल, दोघांनाही एकाच न्यायाधीशापुढे उभं केलं. ही दोन मुलं आजही एका दमात उच्चारली जातात, त्याचं मूळ बरंचसं इथे आहे. सरकारनेच पालकाची जागा घ्यायची, हा त्यामागचा विचार. पालकसभेला मात्र सरकारच्या वतीने कोण जाणार, हे कुणी ठरवलं नाही.

पुढची कित्येक दशकं तसंच चाललं. मूल कुठे राहणार हे बालकल्याण खातं ठरवी, शाळा शिक्षण खात्याकडे, आणि दोघांमध्ये पत्रव्यवहार असलाच तर नावापुरता. १९७४ च्या विद्यार्थी-नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्याने त्यात भर घातली. मुलाचं प्रगतिपुस्तक बघायचं तर सोशल वर्करला पालकांची सही किंवा कोर्टाचा हुकूम लागे. म्हणजे ज्यांच्या ताब्यातून मूल काढलं, त्यांच्याच दारात सही मागायला जायचं. १९८९ मध्ये मुलाच्या फाइलमध्ये शाळेच्या नोंदी ठेवणं सक्तीचं केलं, पण त्या मिळवायची वाट तीच राहिली. ती अडचण गोपनीयतेच्या कायद्यात दुरुस्ती होऊन सुटली जानेवारी २०१३ मध्ये.

नुकसान नेमकं कुठे होतं, हे हायस्कूलच्या क्रेडिटमध्ये, म्हणजे हायस्कूल पूर्ण करायला जमवाव्या लागणाऱ्या अंकांमध्ये, दिसतं. कॅलिफोर्नियात साधारणपणे एका विषयाचं सेमिस्टर पुरं केलं की पाच क्रेडिट मिळतात. मूल ऑगस्टपासून बीजगणिताच्या वर्गात बसलं, चाचण्या पास झालं आणि नोव्हेंबरात दुसऱ्या गावच्या फॉस्टर घरी गेलं, तर २००३ च्या कायद्याआधी हाती शून्य राही. नव्या शाळेत तो विषय चालू नसेल तर मिळेल त्या वर्गात बसवायचं, नाहीतर पहिल्या धड्यापासून पुन्हा तेच. असं दोन-तीनदा झालं की मूल अठरा वर्षांचं होतं, आणि क्रेडिट मात्र दहावीच्या मुलाएवढे. शिकागो विद्यापीठाच्या चॅपिन हॉल संस्थेने २००४ मध्ये दाखवून दिलं, की घरातून काढलेल्या मुलांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक मुलांची शाळा लगोलग बदलत होती.

वाट दाखवली ती बेघर मुलांच्या कायद्याने. १९८७ च्या मॅकिनी कायद्यात पुढे झालेल्या दुरुस्त्यांमुळे बेघर मुलाला मूळ शाळा, तिथवरचा प्रवास आणि कागदपत्रांविना तत्काळ प्रवेश, असे तिन्ही हक्क मिळाले. ‘फॉस्टर घराच्या प्रतीक्षेत असलेली’ मुलंही त्यात बसत, पण प्रतीक्षा संपली कधी म्हणायची, यावर राज्याराज्यांत वेगळी उत्तरं. कॅलिफोर्नियाने हा घोळ आपल्यापुरता मिटवला. तिथले आमदार डॅरेल स्टाइनबर्ग यांनी मांडलेलं एबी ४९० हे विधेयक २००३ मध्ये मंजूर झालं : मूळ शाळेचा हक्क, तत्काळ प्रवेश, दोन कामकाजी दिवसांत नोंदी आणि अर्धवट सेमिस्टरचेही क्रेडिट. (आपल्याकडच्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ आठवा : शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. दाखल्यापायी खेटे घालणारे पालक आपल्यालाही नवे नाहीत.)

केंद्राचा २००८ चा ‘फॉस्टरिंग कनेक्शन्स’ कायदा बालकल्याण खात्याला बांधील धरत होता; शाळांवर थेट बंधन नव्हतं. म्हणजे टाळी एका हाताने. २०१५ च्या केंद्रीय शिक्षण कायद्याने, २०१६ च्या डिसेंबरपासून, दुसरा हात पुढे आला. पण बसच्या पैशांपाशी गाडी अडलीच. जादा खर्च शाळेने उचलावा, बालकल्याण खात्याने द्यावा किंवा दोघांनी वाटून घ्यावा, एवढं सांगून कायदा थांबतो; माझ्या मते ही सरळसरळ पळवाट आहे. केंद्राकडून या प्रवासाची भरपाई मिळते, पण सगळ्या मुलांसाठी नाही. मूल ज्या घरातून काढलं ते घर १९९६ साली लागू असलेल्या निकषांनुसार गरीब ठरावं लागतं, आणि ते आकडे महागाईबरोबर वाढलेले नाहीत.

बालन्यायालयातल्या मुलांचं गाडं आणखी मागे आहे. फॉस्टर घरातल्या मुलाला मिळालेला मूळ शाळेचा केंद्रीय हक्क कोंडून ठेवणाऱ्या सुधारगृहातल्या मुलाला नाही. तिथून सुटलेलं मूल जुन्या शाळेच्या दारात उभं राहिलं की ‘आता सत्राच्या मध्ये कुठे घेणार’ हे ठरलेलं उत्तर. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये अशा मुलांना तत्काळ प्रवेश देणं सक्तीचं केलं. २०१८ च्या डिसेंबरात केंद्राचा बालन्याय कायदा सुधारला, तेव्हा सुधारगृहातल्या शिक्षणाचे क्रेडिट आणि नोंदी शाळेपर्यंत वेळेत पोहोचवण्याची जबाबदारी राज्यांवर आली. पेनसिल्व्हेनियाने २०२२ च्या कायद्यात फॉस्टर आणि न्यायालयीन, दोन्ही मुलं एकत्र घेतली. तिथे शाळेला अशा मुलाचे क्रेडिट तपासून हायस्कूल पूर्ण करण्यापर्यंतचा आराखडा द्यावा लागतो, आणि कुठल्याच शाळेकडून हायस्कूल डिप्लोमा मिळणं शक्य नसेल तर राज्याचं शिक्षण खातं स्वतःचा ‘कीस्टोन डिप्लोमा’ देतं.