बडोद्यात नाव, पुण्यातही नाव? आधी फॉर्म ८ भरा

आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत हे हमखास ऐकू येतं : "माझं पुण्याच्या मतदारयादीतही नाव आहे, आणि इथेही." सांगणाऱ्याला त्यात थोडं कौतुकही असतं. वास्तविक तो गुन्हा ठरू शकतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० प्रमाणे एका माणसाचं नाव एकाच मतदारसंघात, तेही एकदाच असू शकतं. शिवाय अर्जात खोटी माहिती दिली तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

गुजरात विधानसभेची गेली निवडणूक डिसेंबर २०२२ मध्ये झाली, म्हणजे पुढची २०२७ च्या अखेरीच्या सुमारास. काँग्रेस आणि आप २०२२ ला वेगवेगळे लढले, २०२४ च्या लोकसभेला गुजरातेत जागावाटप करून एकत्र. पुढे कोण कोणाबरोबर जाईल यावर ओट्यावर वाद घालायला वेळ आहे. यादीचं काम मात्र आत्ताच उरकलेलं बरं.

मत कुठलं, हे घर कोणाच्या नावावर आहे यावर ठरत नाही. तुम्ही नेहमी राहता कुठे, यावर ठरतं. रावपुऱ्यात वाडा आहे पण बिऱ्हाड कायमचं पुण्यात, तर मत पुण्याचं. चार महिने मुलाकडे राहून आलात, तर बडोद्याचं मत जात नाही. वसतिगृहातले विद्यार्थी आई-वडिलांच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, दोन्हींपैकी एकीकडे नाव नोंदवू शकतात. वसतिगृहासाठी संस्थेचं बोनाफाइड लागतं.

पहिल्यांदाच नोंदणी असेल तर फॉर्म ६. भारतीय नागरिकत्व आणि १८ पूर्ण, एवढी पात्रता. वय मोजायच्या तारखा आता वर्षात चार आहेत : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही चालतो. सोबत फोटो, वयासाठी जन्मदाखला, दहावी-बारावीची गुणपत्रिका, पॅन, पासपोर्ट यांतलं एक, आणि पत्त्यासाठी वीज, पाणी किंवा गॅसचं बिल, बँकेचं पासबुक, नाहीतर नोंदणीकृत भाडेकरार. आधार दोन्हींसाठी चालतं.

जुनं नाव दुसरीकडे असेल तर फॉर्म ६ भरू नका. पूर्वी मतदारसंघ बदलला की तोच भरायचा, म्हणून अजूनही पुष्कळ जण चुकतात आणि दुहेरी नाव तिथूनच सुरू होतं. महाराष्ट्रातून इकडे आलात तरी फॉर्म ८, आणि त्यात जुन्या ओळखपत्राचा क्रमांक. नावातली चूक, हरवलेलं ओळखपत्र, यालाही हाच फॉर्म. घरातलं माणूस गेलं असेल तर ते नाव कमी करायला फॉर्म ७.

अर्ज निवडणूक आयोगाच्या पोर्टलवर, ॲपवर किंवा आपल्या भागातल्या बीएलओकडे (आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी). अडलंच तर १९५० वर फोन. बीएलओ घरी येऊन खात्री करतो, तेव्हा दाराला कुलूप नको. अर्ज नामंजूर झाला तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

आपल्या यादीची लिपी गुजराती, त्यामुळे मराठी आडनावांची वाट लागते. जोडाक्षरं नीट वाचून घ्या. किरकोळ चुकीसाठी मतदान अडवत नाहीत, पण ती राहू कशाला द्यायची? शहरात बडोदा शहर, सयाजीगंज, अकोटा, रावपुरा आणि मांजलपूर असे पाच मतदारसंघ आहेत. मांडवीहून मांजलपूरला बिऱ्हाड हलवलंत की मतदारसंघ बदलला.

उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादीत नवं नाव जात नाही. हरकतींसाठी सात दिवस ठेवावे लागतात, म्हणून त्या मुदतीच्या निदान दहा दिवस आधी अर्ज पोचलेला हवा.

घरात ८५ वर्षांवरचे आजी-आजोबा किंवा ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व असलेलं कोणी असेल, तर फॉर्म १२ डी भरून घरबसल्या मत देता येतं. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाचच दिवस मिळतात, आणि एकदा हा मार्ग घेतला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. ज्या आजींना नवी साडी नेसून केंद्रावर जायची हौस आहे, त्यांना आधी विचारा.