विशेष परिणाम कलावंत

पडद्यावरची जखम, म्हातारपण, राक्षस किंवा स्फोट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष घडवणारा कारागीर. मराठीत या कामाला 'ट्रिकसीन' हा जुना शब्द आहे. कोकणात 'ट्रिकसीनयुक्त दशावतारी नाटक' अशी जाहिरात अजूनही होते.

या व्यवसायाला सरळ दरवाजा नाही. शेजारच्या कुठल्या तरी धंद्यातून माणसे इकडे वळतात. दादासाहेब फाळके चित्रकला, छायाचित्रण, छपाई असे करत आले होते. आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादूचे प्रयोगही करत. १९१२ मध्ये वाटाण्याचे रोप उगवताना एकेक चौकट टिपून त्यांनी केलेला लघुपट हीसुद्धा एक जादूच.

अमेरिकेचे रंगभूषाकार डिक स्मिथ आधी दंतवैद्य व्हायला निघाले होते; येल विद्यापीठात शिकताना रंगभूषेचे एक पुस्तक हाती पडले आणि वाट बदलली. योगायोग असा, की चेहऱ्याचा साचा घ्यायला आजही पुष्कळदा दाताच्या दवाखान्यातलेच अल्जिनेट, म्हणजे पाण्यात कालवले की घट्ट होणारी भुकटी, वापरतात. नाकपुड्या मोकळ्या ठेवून ते चेहऱ्यावर थापतात, वर प्लास्टरच्या पट्ट्या. त्या साच्यातून निघालेल्या चेहऱ्यावर मातीने सुरकुत्या घडवायच्या, त्यांचा पुन्हा साचा काढायचा आणि त्यात फोम लॅटेक्स (फेसाळ रबर) किंवा सिलिकॉन ओतायचे. लॅटेक्स हलके, पण भट्टीत भाजावे लागते. सिलिकॉन जड, मात्र कातडीसारखा प्रकाश आत घेते. खरी परीक्षा कडांची. कड कागदाहून पातळ उतरली नाही, तर क्लोजअपमध्ये सगळे उघडे पडते.

स्मिथ यांच्या काळी रंगभूषाकार आपल्या कृती लपवून ठेवत. स्मिथ मात्र पत्र लिहिणाऱ्या पोरांनाही सविस्तर उत्तरे देत. त्यांतल्याच रिक बेकर यांना त्यांनी 'द एक्झॉर्सिस्ट' या भयपटासाठी (१९७३) मदतनीस म्हणून घेतले. पुढे बेकर यांनी सात ऑस्कर मिळवली. शिकण्याची रीत अजून तीच: घरी साचे बिघडवायचे, फोटोंची वही जमवायची, कुणाच्या तरी हाताखाली राहायचे. स्फोटकांचे काम मात्र असे घरी शिकायचे नव्हे. त्याला परवाना लागतो.

संगणकाने हा धंदा बुडेल, असे १९९३ च्या 'जुरासिक पार्क'नंतर बोलले गेले. प्रत्यक्षात त्या चित्रपटातले डायनासोर बव्हंशी स्टॅन विन्स्टन यांच्या कारखान्यातले, यंत्रावर हलणारे होते. आज दोन्ही कामे एकाच दृश्यात मिसळतात.

मेहनताना बहुधा कामापुरता. नटाच्या चेहऱ्यावर हे तुकडे चढवायला तीन-चार तास लागतात, म्हणून पहाटेच हजर राहावे लागते. उतरवताना तुकड्याच्या कडा फाटतात; त्यामुळे तीस दिवसांच्या चित्रीकरणाला तीस संच ओतून ठेवावे लागतात.