काळी काच, पिवळी काच

आमच्या खानापूर भागात चार घरांआड एक फौजी सापडतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्रच बेळगावात. शेजारचे काका सियाचीनला होते. त्यांच्या ट्रंकेत बर्फावरच्या स्कूटरवर घालायचा गॉगल आहे, काच बदलता येणारा. एक काच काळपट, एक पिवळी. गेल्या श्रावणात मी ऐटीत काळी लावून चोर्ला घाटात बाईक घातली. म्हैस दिसली ती थेट हँडलसमोर. परत आल्यावर काका म्हणाले, "ती उन्हाची काच की रे! पावसात कशाला घातलास?"

काचेतून किती टक्के उजेड आत येतो, यावर सगळं ठरतं. ताजा बर्फ अंगावर पडलेला 80 टक्क्यांहून जास्त प्रकाश परत फेकतो, म्हणजे ऊन वरूनही लागतं आणि खालूनही. तिथे 8 ते 18 टक्के उजेड सोडणारी काच हवी. 3 ते 8 टक्क्यांची त्याहून गडद काच हिमनदीवर चालते, पण ती लावून रस्त्यावर गाडी चालवू नये. ढग आले की 43 टक्क्यांच्या वरची, रात्री बिनरंगी.

काळी काच म्हणजे डोळ्यांचं रक्षण, हा मात्र गैरसमज. बर्फावर डोळे भाजतात ते अतिनील किरणांनी. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी वाहतं. हे किरण न अडवणारी स्वस्त गडद काच तर जास्त वाईट, कारण अंधार समजून बाहुली मोठी होते आणि किरणांना दार उघडं मिळतं. उलट पॉलिकार्बोनेटची साधी पारदर्शक काचही ते जवळपास सगळे अडवते.

मग पिवळी कशाला? बर्फावरची सावली निळसर असते. तिथे सूर्य पोचत नाही, फक्त निळ्या आभाळाचा उजेड पोचतो. पिवळी काच निळा रंग गाळते, सावली अधिक काळी होते आणि चढ-उतार, खड्डे उठून दिसतात. आभाळ पूर्ण भरलं की उजेड सगळीकडून सारखा येतो, सावलीच पडत नाही आणि जमीन कुठे संपते ते कळेनासं होतं. उरलासुरला फरक पिवळी काच थोडा गडद करते, इतकंच. नसलेली सावली ती आणणार कुठून?

हे ऐकून मी लगेच पिवळी मागितली, चोर्ल्यासाठी. पण धुक्याचं गणित वेगळं. त्याचे थेंब साधारण 10 मायक्रॉनचे, प्रकाशाच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठे, त्यामुळे ते सगळे रंग सारखेच विखुरतात. म्हणून तर धुकं पांढरं दिसतं. निळा गाळून तिथे काही हाती लागत नाही, वर थोडा उजेडही जातो.

बर्फावरच्या गॉगलची एक गोष्ट मात्र घाटात कामाची: दुहेरी काच. मधल्या हवेमुळे आतली काच थंड पडत नाही, श्वासाची वाफ धरत नाही. माझ्या हेल्मेटला एकेरीच आहे. कणकुंबी आलं की मी ती बोटभर उघडी ठेवतो आणि पाऊस तोंडावर घेत जातो.