अवधाण, तुरटी आणि एक गुपित

पायाची जखम चिघळली की जांघेत अवधाण येतं, म्हणजे तिथली लसिका ग्रंथी सुजते. त्या ग्रंथीत नेमकं काय चाललेलं असतं, हे कळायला विसावं शतक सरत आलं.

सुरुवात लसींपासून झाली. फ्रान्समध्ये गॅस्तों रामों यांच्या लक्षात आलं की घटसर्पाची लस टोचलेल्या जागी पू झाला, तर घोड्याच्या रक्तात प्रतिविष जास्त तयार होतं. मग ते लसीत चक्क साबुदाण्यासारखा टॅपिओका मिसळू लागले! १९२६मध्ये इंग्लंडमधल्या ग्लेनी यांनी तुरटी वापरली. ती आजही अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांच्या रूपात टिकून आहे. ती का लागते, याचं समाधानकारक उत्तर मात्र कुणाकडे नव्हतं. १९८९मध्ये येल विद्यापीठाचे चार्ल्स जेनवे यांनी यालाच प्रतिकारशास्त्रज्ञांचं ‘घाणेरडं गुपित’ म्हटलं.

त्यांचा तर्क धाडसी होता. परकं प्रथिन दिसलं एवढ्यानं टी पेशी (जंतूंशी लढणारी एक पांढरी रक्तपेशी) कामाला लागत नाही. हे जंतूचंच आहे, अशी ग्वाही आधी जन्मजात प्रतिकारशक्तीनं द्यावी लागते. पुरावा आला फळमाशीतून. १९९६मध्ये फ्रान्समधल्या ज्यूल्स हॉफमन यांच्या गटाला दिसलं की टोल जनुक बिघडलेल्या माशा बुरशीनं मरतात. पुढच्याच वर्षी जेनवे आणि मेद्झितोव्ह यांनी तसंच जनुक माणसात दाखवलं. १९९८मध्ये अमेरिकेतल्या ब्रूस बॉयटलर यांनी उंदरांत दाखवलं की अशाच जनुकातून बनणारा ग्राहक जिवाणूंचं विष ओळखतो.

ही ग्वाही ग्रंथीपर्यंत नेतं कोण? राल्फ स्टाइनमन आणि झानव्हिल कोन यांनी १९७३मध्ये उंदराच्या प्लीहेत शोधलेल्या डेंड्रायटिक पेशी. अनेकांनी तेव्हा त्यांना फारसं महत्त्व दिलं नाही. त्वचेत जंतूची चाहूल लागली की या पेशी लसिकावाहिनीतून जवळच्या ग्रंथीत जातात, जंतूचा तुकडा टी पेशींपुढे धरतात आणि सोबत दुसरा, उत्तेजनाचा संकेत देतात. तो नसेल तर टी पेशी बहुधा थंडच पडते. ग्रंथीतून बाहेर पडणाऱ्या पेशी काही काळ अडवल्या जातात, आतल्या वाढत जातात आणि गाठ फुगते.

२०११चं नोबेल बॉयटलर, हॉफमन आणि स्टाइनमन यांना मिळालं. स्टाइनमन घोषणेच्या तीनच दिवस आधी वारले होते. जेनवे तर २००३मध्येच गेले. माझ्या मते, त्या यादीतली सर्वांत मोठी उणीव तीच.

कोव्हॅक्सिनसाठीचा विषाणू पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत वेगळा केला गेला. त्या लसीत अ‍ॅल्युमिनियमच्या क्षाराला टोलसदृश ग्राहक (जंतू ओळखणारी, टोलसारखी प्रथिनं) जागे करणारा रेणू मुद्दाम जोडलेला आहे.