कार्टून म्हणजे हसू, हे कधी ठरले?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गणेशोत्सवात एका रात्री आरतीनंतर पडदा बांधून मुलांना कार्टून दाखवतात. यंदा काय दाखवायचे यावरून बैठकीत दोन तट पडले. काहींचे म्हणणे असे की शाळा आणि शिकवण्यांनी पोरे पिचलेली असतात, एक रात्र तरी त्यांना पोट धरून हसू द्या. बाकीचे म्हणाले, हसायला हातात मोबाइल आहेच. चौकात पडदा लावायचा तर मुलांच्या मनात चार दिवस घोळेल अशी गोष्ट दाखवा. वाद वाढला तशा एक आजी म्हणाल्या, "अहो, कार्टूनमध्ये रडायचं कशाला?" त्यावर कुणालाच बोलता येईना. पुढच्या बैठकीला जाण्याआधी या प्रश्नाची मागची हकीकत सगळ्यांना ठाऊक असावी, म्हणून हे टिपण.

ती हकीकत आपल्या चौकातून चालत जाण्याच्या अंतरावर सुरू होते, हे बडोद्यातल्या थोड्याच लोकांना माहीत आहे. दादासाहेब फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूलमधले शिक्षण आटोपून मोठ्या भावाबरोबर बडोद्यास आले आणि इथल्या कलाभवनात चित्रकला शिकले. पुढे १९१२ मध्ये 'राजा हरिश्चंद्र'साठी भांडवल हवे होते, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि दिवसामागून दिवस थोडे थोडे चित्रण करीत राहिले. पडद्यावर ते सलग धावले तेव्हा मातीतून कोंब वर आला, पाने फुटली, वेल चढला. ही 'अंकुराची वाढ'. तिच्यात विनोद नाही, पण ती पाहून भांडवल देणाऱ्यांचा या माणसाच्या कसबावर विश्वास बसला. तीन वर्षांनी, १९१५ मध्ये, त्याच फाळक्यांनी काड्यापेटीतल्या काड्या घेतल्या. काडी जराशी सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. अशी 'आगकाड्यांची मौज' तयार झाली. आज ती फिल्म पाहायला मिळत नाही, पण नावातच तिचा हेतू आहे. फाळके जादूचे प्रयोगही करीत आणि आपले आडनाव उलटे करून 'प्रोफेसर केळफा' म्हणून रंगमंचावर उभे राहत. चौकटीचौकटीने चित्रण करण्याचे तंत्र त्यांनी एकदा अचंब्यासाठी वापरले आणि एकदा गमतीसाठी. यातले खरे कुठले आणि हलके कुठले, असा प्रश्न त्यांना पडल्याचे दिसत नाही.

अमेरिकेतही सुरुवात अशीच झाली. विन्सर मॅके हा वर्तमानपत्रात चित्रमालिका काढणारा माणूस. त्याने १९१४ मध्ये गर्टी नावाची लाडावलेली डायनासोर पडद्यावर आणली आणि लोकांना खूप हसवले. त्यानंतर १९१८ मध्ये त्याने 'लुसिटानिया' जहाजाच्या जलसमाधीवर चित्रपट केला. जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात ते जहाज १९१५ मध्ये बुडाले होते आणि सुमारे १,२०० माणसे गेली होती. बुडतानाचे छायाचित्रण कुणाकडे असणार? म्हणून ते हाताने काढले गेले, सुमारे २५ हजार चित्रे. लहान मुलाला पाण्याच्या वर धरू पाहणाऱ्या आईचे त्यातले दृश्य पाहिल्यावर कार्टून गंभीर होऊ शकते का, हे विचारावेसे वाटत नाही. फोटो नसलेली घटना दाखवायला चित्रच लागते, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वीच कळलेली होती.

मग सगळे हसण्याकडे का झुकले? माझ्या मते याचे कारण आहे सात मिनिटे. थिएटरात मुख्य चित्रपटाआधी बातम्यांची फिल्म आणि एक छोटे कार्टून लावायची पद्धत पडली. कार्टूनच्या वाट्याला साधारण सातच मिनिटे येत. सेकंदाला २४ चौकटी धावतात. एक चित्र दोन चौकटींना वापरले तरी सेकंदाला बारा, म्हणजे सात मिनिटांना पाच हजारांवर चित्रे, आणि तीही एकेका हालचालीची, पार्श्वभूमी निराळीच. एवढे कष्ट करून हाती येणाऱ्या वेळात पात्राची ओळख, त्याचे दुःख, त्याच्या मनातला बदल कुठे बसवणार? केळीच्या सालीवरून घसरलेला माणूस मात्र दोन सेकंदांत समजतो, आणि परक्या भाषेच्या गावातही समजतो. १९२८ चा मिकी माउस आणि १९४० पासूनचे टॉम आणि जेरी याच मापात वाढले. डिस्नेने १९३७ मध्ये 'स्नो व्हाइट' पूर्ण लांबीचा केला. त्यात निपचित पडलेल्या मुलीभोवती बुटके रडू लागले तसे प्रेक्षकही रडले. मोकळा वेळ मिळताच कार्टूनमध्ये रडू आले, ते असे.

पुढे टीव्ही आला. अमेरिकेत १९६० च्या दशकात कार्टूने शनिवार सकाळच्या खेळण्यांच्या आणि खाऊच्या जाहिरातींना बांधली गेली, आणि 'मुलांचे ते कार्टून' हे समीकरण पक्के झाले. आपल्या बैठकीत जे बोलले गेले त्यातले पुष्कळसे तिथून आले आहे.

जपानची वाट वेगळी निघाली आणि तिचे कारण मला फार विचार करण्यासारखे वाटते. ओसामू तेझुका यांनी १ जानेवारी १९६३ पासून टीव्हीवर 'अ‍ॅस्ट्रो बॉय' सुरू केले. मुलगा अपघातात गेलेला एक शास्त्रज्ञ त्याच्यासारखा यंत्रमानव घडवतो, इथून गोष्ट सुरू होते. दर आठवड्याला अर्धा तास भरायचा आणि पैसे थोडे, म्हणून चित्रांची संख्या कापली. चेहरा स्थिर ठेवून फक्त ओठ हलवले, तेच आकाश पुन्हा वापरले. आता हालचालीच्या करामतीवर प्रेक्षक धरून ठेवणे शक्य नव्हते, म्हणून गोष्टीला जोर लावावा लागला. पुढच्या आठवड्यात काय होईल याची ओढ लावावी लागली. पैशाची चणचण तिकडे गोष्टीच्या पथ्यावर पडली.

आपल्याकडे 'प्रभात'ने १९३४ च्या सुमारास 'जंबूकाका' हा कोल्ह्याचा छोटा बोलपट काढला. ती हौस तिथेच थांबली. स्वातंत्र्यानंतर फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टूनचा विभाग निघाला. डिस्नेत काम केलेले क्लेअर वीक्स १९५६ मध्ये तिथे शिकवायला आले आणि त्यांच्या हाताखाली जातककथेवरचा 'द बॅनियन डियर' तयार झाला. गाभण हरिणीऐवजी स्वतःची मान पुढे करणाऱ्या मृगराजाची ती कथा. सरकारी विभागाला हसवण्यापेक्षा शिकवण्याची घाई जास्त असे. पुष्कळशा फिल्म कुटुंबनियोजन, बचत, स्वच्छता यांवर निघाल्या आणि त्यातल्या अनेक कोरड्या झाल्या, हेही मान्य केले पाहिजे. उपदेश म्हणजे गंभीर गोष्ट नव्हे. त्या काळातले लोकांच्या ओठांवर राहिलेले काम १९७४ चे: विजयाताई मुळे यांचे दिग्दर्शन आणि भीमसेन यांची चित्रे असलेले 'एक अनेक और एकता'. पारध्याचे जाळे एकजुटीने उचलून उडणाऱ्या पाखरांचा विषय गंभीरच आहे, पण तो एका ताईच्या आणि धाकट्या भावाच्या लाघवी प्रश्नोत्तरांतून येतो.

माझ्या पिढीने १९९३ च्या सुमारास रविवारी सकाळी दूरदर्शनवर 'मोगली' पाहिला. तो जपानमध्ये तयार झाला होता हे मला फार उशिरा कळले. त्यात भालूची थट्टा होती आणि अकेला लांडग्याचा मृत्यूही होता. तो मृत्यू पाहून आमच्या माजघरात आम्ही चार भावंडे गप्प बसलो होतो; आई जेवायला हाका मारीत होती, तरी कुणी उठले नाही. याच सुमारास युगो साको आणि राम मोहन यांनी भारत-जपान मिळून रामायणावर चित्रपट केला. त्याच्या जुळवाजुळवीच्या काळात, रामायणासारखा विषय कार्टूनमध्ये कसा शोभेल, अशी हरकत सरकारी पातळीवर घेतली गेली होती. हरकतीच्या मुळाशी 'कार्टून म्हणजे थट्टा' हीच समजूत होती. तोच चित्रपट जानेवारी २०२५ मध्ये आपल्याकडे थिएटरांत पुन्हा लागला. मधल्या काळात १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आले, २००८ मध्ये छोटा भीम, २०१२ मध्ये मोटू-पतलू. दिवसभर चालणाऱ्या वाहिनीला कुठूनही लावली तरी चालेल अशी, मागचे-पुढचे न लागणारी गमतीची गोष्ट सोयीची पडते. आपल्या मुलांच्या वाट्याला हसणे जास्त आले ते या सोयीमुळे.

या वादात मला बडोद्याचेच गुजराती कवी प्रेमानंद आठवतात. सतराव्या शतकात माणेवर, म्हणजे तांब्याच्या घागरीवर, बोटांत घातलेल्या अंगठ्यांनी ताल धरून ते आख्याने सांगत. त्यांच्या 'कुंवरबाईनुं मामेरुं'मध्ये नरसी मेहता मोडक्या गाडीला मरतुकडे बैल जोडून लेकीच्या सासरी येतो, तेव्हा ऐकणारे हसत सुटतात. थोड्याच वेळात त्या गाडीवरून सासरची माणसे लेकीला टोचून बोलतात आणि मघाशी हसलेल्यांनाच जड वाटू लागते. आपल्या कीर्तनातही बुवा नेमक्या वेळी गमतीचा दृष्टांत पेरतात. हसू आणि आसू वेगळे काढायचे, असे इथे कुणी शिकवलेले नव्हते.

म्हणून बैठकीत मी दोन्ही दाखवा असे म्हणणार आहे, पण क्रम पाहून. १६ एप्रिल १९८८ ला जपानमध्ये स्टुडिओ जिब्लीचे दोन चित्रपट एकाच तिकिटात लागले: मियाझाकींचा 'माय नेबर टोटोरो' आणि ताकाहातांचा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज'. पहिल्यात दोन बहिणींना रानातला लठ्ठ, प्रेमळ प्राणी भेटतो. दुसऱ्यात १९४५ च्या बाँबहल्ल्यांत आई गेलेली दोन भावंडे उपासमारीने संपतात. टोटोरो आधी पाहून मग तो दुसरा पाहिलेले पोर घरी कसे गेले असेल, या विचाराने आजही पोटात कालवते. आपण तो दुसरा दाखवणार नाही, तो थोरांसाठी ठेवू. पण आधी हरणाची गोष्ट, मग दहा मिनिटे दिवे लावून शेवउसळ, तेवढ्यात मुलांना काय विचारायचे ते विचारू द्यायचे, आणि शेवटी टॉम आणि जेरी, असे ठेवता येईल. त्या आजींनी पुढच्या रांगेत बसावे अशी माझी विनंती आहे, कारण मुलांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला त्याच लागतील.