अटकेत विवस्त्र अंगझडती झाली, तर तक्रार कशी टिकते

'झडती महिला पोलिसानेच घेतली ना, मग तक्रार कसली?' ठाण्यात हे ऐकून बहुतेक जणी परत फिरतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९ मध्ये (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ५१) अटी दोन आहेत. झडती बाईने घ्यायची आणि शालीनतेची काटेकोर काळजी राखून घ्यायची. दुसरी अट वाचायचे कष्ट कुणी घेत नाही. त्यातच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम ७६ बाईला विवस्त्र करण्यासाठी बळ वापरणाऱ्या कुणालाही लागतं. जुन्या दंड संहितेच्या ३५४-ब मध्ये आरोपी फक्त पुरुष असायचा.

तक्रार ती स्वतः करू शकते. मानवी हक्क आयोगाकडे तिच्या वतीने दुसरं कुणीही करू शकतं. तिच्यावर गुन्हा कोणता आहे, याचा इथे संबंध नाही. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत वकील बाईला उत्पन्न न बघता मिळतो (हेल्पलाइन १५१००), तेव्हा उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात खेटे घालू नका.

अर्ज, ओळखपत्र, गुन्ह्याचा क्रमांक हे जमतं. अडतं पुढच्या कागदांवर.

झडतीत मंगळसूत्र, मोबाइल, पैसे काढून घेतले तर त्यांची पावती द्यावीच लागते, तीही कलम ४९ मध्येच. ती जवळजवळ कुणाकडेच नसते. नसेल तर 'पावती दिली नाही' असं तक्रारीत स्पष्ट लिहा. न देणं हाही नियमभंगच आहे.

अटकेनंतरच्या वैद्यकीय तपासणीच्या अहवालाची प्रत तिला मिळायला हवी (त्याच संहितेचं कलम ५३). पण कपडे उतरवल्याने जखम होत नाही. डॉक्टर 'जखम नाही' लिहितात आणि पुढे त्याचाच अर्थ 'काही घडलं नाही' असा लावला जातो. म्हणून काय घडलं ते डॉक्टरांना सांगा आणि तिच्या शब्दांत लिहून घ्यायला लावा.

ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण १८ महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपून ठेवावं, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. प्रत्यक्षात 'कॅमेरा बंद होता' हे उत्तर तयार असतं. पहिल्याच आठवड्यात तारीख, वेळ आणि जागा लिहून चित्रण राखून ठेवण्याचा अर्ज द्या आणि पोच घ्या. मूळ तक्रार नंतर केली तरी चालेल.

सगळ्यात मोठी संधी रिमांडच्या वेळी, म्हणजे कोठडीसाठी दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करतात तेव्हा, हुकते. मुंबईतल्या कोठडीत महिलांना झालेल्या मारहाणीबद्दल पत्रकार शीला बारसे यांनी लिहिलेल्या पत्रावर सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये निकाल दिला: छळाची तक्रार आहे का, हे दंडाधिकाऱ्यांनी आरोपीला विचारलंच पाहिजे. ते विचारतातही, कधी मान वर न करता. बाजूला तीच पोलीस उभी असते, बाई 'नाही' म्हणते आणि रोजनाम्यात (कोर्टाच्या रोजच्या नोंदीत) 'तक्रार नाही' चढतं. पुढची दोन वर्षं ही ओळ खोडण्यात जातात. तोंड उघडवत नसेल तर वकिलाकरवी चिठ्ठी द्या.

आता मुदत. मानवी हक्क आयोगाकडे एक वर्ष, तेही घटनेपासून. लोक जामिनाच्या तारखेपासून मोजतात आणि तक्रार बाद होते. राज्य आयोगाकडे प्रकरण चालू असेल तर राष्ट्रीय आयोग ते घेत नाही. दोन्हीकडे अर्ज टाकून वेग वाढत नाही. आणि आयोगाची वाट बघत बसू नका. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम १६१ प्रमाणे कर्तव्याच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलचा खटला सहा महिन्यांत भरावा लागतो (सरकारच्या मंजुरीने दोन वर्षांपर्यंत). विवस्त्र करणं हे कर्तव्य कसलं, असा वाद कोर्टात घालता येतो, पण समोरच्याच्या हाती आयतं कोलीत कशाला द्यायचं?

गुन्हा नोंदवत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने लिहा, नंतर दंडाधिकाऱ्यांकडे जा. कलम ७६ ची फिर्याद न नोंदवणं हाच न्याय संहितेच्या कलम १९९ खाली गुन्हा आहे आणि ७६ च्या खटल्याला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ ची सरकारी मंजुरी लागत नाही, कुणी कितीही सांगो. नुकसानभरपाईची शिफारस मानवी हक्क आयोगही करू शकतो, आणि त्यासाठी उच्च न्यायालयात रिट याचिकाही करता येते.

राहिला तक्रारीचा मजकूर. लाजेपोटी बायका 'गैरवर्तन झालं' एवढंच लिहितात आणि तेवढ्यावर काहीच उभं राहत नाही. कोणता कपडा, कुणी काढायला लावला, काय कारण सांगितलं, दार उघडं होतं का, खोलीत कोण कोण होतं, हे लिहा. आयोगाकडे मराठीत लिहिलेलं चालतं. फी नाही, वकिलाची सहीही लागत नाही.